गोराई-मनोरी 'मिनी गोवा' नाही! बोरिवलीपलीकडच्या या बेटावर पाहुण्यासारखं कसं जायचं?

शनिवार जवळ आला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेलं रील फिरायला लागतं. फेरीबोटीचा धडधड आवाज, पाठोपाठ ताडाची झाडं, कौलारू घर, चुना लावलेला जुना क्रूस, शेवटी सूर्यास्त. वर लिहिलेलं असतं, 'मुंबईतलं मिनी गोवा'. लोकेशन गोराई नाहीतर मनोरी.

रील बघून माणसं निघतात, खाडी ओलांडतात, किनाऱ्यावर दिवस घालवतात आणि संध्याकाळी परततात. ज्या गावातून गेलो त्या गावात कोण राहतं, हे त्यांतल्या अनेकांना परत येईपर्यंत कळलेलं नसतं. बोरिवली-मालाडमध्ये आयुष्य गेलेल्या मराठी माणसालाही अनेकदा माहीत नसतं की पलीकडच्या क्रूसाजवळ बसलेली बाई घरात मराठीच बोलते.

बेटावर जबाबदारीनं कसं फिरायचं, याची चर्चा जगभर चालू आहे. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या देशानं डिसेंबर २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा छापायला सुरुवात केली. तिथल्या मुलांना उद्देशून लिहिलेली ही प्रतिज्ञा आहे आणि तिच्यावर सही केल्याशिवाय आत जाता येत नाही. फिलिपिन्सनं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं. थायलंडचा माया बे त्याच वर्षी जूनमध्ये बंद झाला तो थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडला. आपल्याकडे लक्षद्वीपला जायचं तर आधी परवाना काढावा लागतो.

गोराईला जायला यातलं काही लागत नाही. फेरीबोटीचं तिकीट काढलं की झालं. म्हणून तर अडचण जास्त आहे. इथे पाहुण्यानं कसं वागायचं हे सांगणारं दारात कुणीच नाही.

आधी हे बेट नेमकं कुठलं?

नावांचा घोळ इथूनच सुरू होतो. बोरिवली स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं 'गोराई' म्हटलंत तर तो तुम्हाला म्हाडाच्या वसाहतीत सोडेल. ती गोराई खाडीच्या अलीकडे. गोराई गाव पलीकडे. गोराई जेट्टीवरून बोट पकडली की काही मिनिटांत पलीकडच्या धक्क्यावर. मनोरीला जायचं तर मालाडच्या मार्वे जेट्टीवरून बोट. दोन्ही बोटींवर दुचाकी चढवता येते, चारचाकीला मात्र भाईंदरवरून उत्तनमार्गे मोठा वळसा मारावा लागतो.

गोराई, कुळवेम, मनोरी आणि उत्तरेकडची उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही सगळी गावं मिळून जे बेट होतं, त्याचं जुनं नाव धारावी बेट. माहीमजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. या बेटाचा खालचा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि मुंबई महापालिकेत येतो, वरचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि मिरा-भाईंदर महापालिकेत. म्हणजे समुद्र एकच, किनारा एकच, पण कचऱ्याची तक्रार कुठल्या महापालिकेकडे करायची हे पायाखालच्या वाळूवर अवलंबून.

एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं तेही याच बाजूला. ते २०२२ मध्ये बंद पडलं, वॉटर किंगडम चालू राहिलं. मुंबईच्या एका अख्ख्या पिढीनं शाळेच्या सहलीत ही खाडी ओलांडली आहे. पाळण्यात बसून परत आली. गाव पाहिलेलं बहुतेकांना आठवणार नाही, कारण दाखवलंच नव्हतं.

इथले लोक 'गोवन' नाहीत, मग कोण?

गोराई आणि मनोरीतल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी मोठा भाग ईस्ट इंडियन समाजाचा आहे. नाव ऐकून हे लोक पूर्व भारतातून आले असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते वसई, साष्टी आणि मुंबईचे मूळ रहिवासी. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं हा पट्टा पोर्तुगिजांना दिला, त्यानंतर इथल्या शेतकरी, कोळी, आगरी, भंडारी अशा अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जमीन तीच राहिली, भात तोच राहिला, भाषाही मराठीच राहिली. तिच्यात पोर्तुगीज शब्द मिसळत गेले आणि एक वेगळी बोली तयार झाली.

मग 'ईस्ट इंडियन' हे नाव कुठून आलं? ब्रिटिश काळात गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले. आडनावं सारखीच, डिसोझा, परेरा, फर्नांडिस. आपण इथलेच आहोत आणि सुरुवातीपासून ब्रिटिशांच्या प्रजेत मोडतो, हे ठसवण्यासाठी स्थानिकांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून हे नाव घेतलं. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली.

आता 'मिनी गोवा' हे शब्द पुन्हा वाचा. ज्या लोकांनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आपण गोव्याचे नाही हे सांगण्यासाठी स्वतःचं नाव बदलून घेतलं, त्यांच्याच गावाला आज आपण कौतुकानं मिनी गोवा म्हणतो. कुणी भांडायला येणार नाही, पण ऐकणाऱ्याला ते खुपतं.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. मराठीत बोला. उपनगरातून गेलेली मराठी माणसंही इथे दुकानात, घराच्या ओट्यापाशी, बोटीवर हिंदी किंवा इंग्रजीत सुरुवात करतात, कारण समोरच्या बाईच्या गळ्यात क्रूस असतो आणि अंगात फ्रॉक असतो. मराठीत पत्ता विचारलात तर उत्तर मराठीत येईल, आणि बहुधा थोडं लांबलचक येईल. मनोरीत मोबाई भवन नावाचं ईस्ट इंडियन समाजाचं छोटं संग्रहालय आहे, जुनी भांडी, कपडे, वापरातल्या वस्तू सांभाळणारं. किनाऱ्यावर जाण्याआधी तिथे थोडा वेळ घालवला तर पुढचं गाव वेगळं दिसतं. उन्हाळ्यात गेलात तर अंगणात मिरच्या आणि गरम मसाले उन्हात घातलेले दिसतील. पावसाळ्याआधी वर्षभराचा 'बॉटल मसाला' करून ठेवायची पद्धत आहे. हा मसाला कुटून बाटल्यांमध्ये ठासून भरतात, नाव त्यावरूनच पडलं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते सहजासहजी कुणी सांगत नाही. विचारू नका असं नाही, पण नाही म्हटलं तर हसून सोडून द्या.

समाज फक्त हाच नाही. मनोरीत कोळीवाडा आहे, ताडाच्या झाडांशी पिढ्यान्‌पिढ्या नातं असलेली भंडारी कुटुंबं आहेत. कोळ्यांमध्येही हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही आहेत. वसईच्या मोहिमेत, म्हणजे १७३७ ते १७३९ या काळात, मराठे आणि पोर्तुगीज याच धारावी बेटासाठी झुंजले, कारण बेट हातात असलं की वसईच्या खाडीवर नजर ठेवता येत होती. मराठे जिंकले, पोर्तुगीज गेले, चर्च राहिली. त्यालाही आता पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली.

किनारा रिकामा दिसतो, पण तो रिकामा नसतो

शहरी माणसासाठी वाळू म्हणजे मोकळी जागा. कोळ्यांसाठी ते अंगण, कारखाना आणि गोदाम एकत्र आहे.

उत्तनपासून मनोरीपर्यंत किनाऱ्यालगत बांबूच्या चौकटींवर दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले दिसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर लटकवतात. रीलसाठी ही चौकट फारच देखणी असते, म्हणून लोक तिच्या मधोमध उभे राहतात, दोरी वाकवतात, मुलं खालून पळतात, वाळू उडते. सुक्या मासळीत वाळू गेली की तिचा भाव पडतो. आणि हा माल बहुतेक वेळा बायकांचा असतो. मासळी आणतो पुरुष, पण ती साफ करणं, वाळवणं, विकणं आणि त्या पैशात घर चालवणं हे कोळणीचं काम. ऊन चांगलं असेल तर दोन-तीन दिवस, मळभ आलं तर सगळंच कोलमडतं. अशा वेळी 'मावशी, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय' हे वाक्य कसं ऐकू जात असेल?

तेच जाळ्यांचं. बोंबील, कोळंबी, जवळा मिळतो तो डोल जाळ्यात. समुद्रात खांब रोवून पिशवीसारखं मोठं जाळं बांधतात, प्रवाह मासळी आत ढकलतो. म्हणजे कामाचं वेळापत्रक चंद्रावर चालतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्याला जोर. मधल्या दिवसांत भांग, तेव्हा पाणी मंद. होडी पहाटे तीनला येईल की दुपारी एकला, हे त्यावर ठरतं. म्हणून रविवारी दुपारी किनाऱ्यावर जाळं पसरून कुणी झोपलेलं दिसलं तर तो आळस नसतो, तो माणूस रात्रभर पाण्यात होता. पसरलेल्या जाळ्यावर चालणं, सावलीसाठी ओढून ठेवलेल्या होडीत बसून खाणं, दोरखंडावर झोके घेणं, हे सगळं कुणाच्या तरी दुकानात शिरून गल्ल्यावर बसण्यासारखं आहे.

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीला बंदी असते. माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून. या दिवसांत ताजी मासळी मागून 'एवढ्या लांब आलो आणि साधं पापलेट नाही?' असं वैतागू नका. सुकट-बोंबील मागा, खाडीतली कालवं, निवट्या, चिंबोऱ्या मिळाल्या तर नशीब समजा. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला जातो. ती मिरवणूक दुरून बघायला कुणाची हरकत नसते, वाट अडवून सेल्फी घ्यायला असते.

खाडीकडच्या बाजूला खारफुटी आहे. बोटीतून उतरल्यावर ती नुसती चिखलातली झुडपं वाटतात. मासळीची आणि चिंबोऱ्यांची पिल्लं तिथे वाढतात, बाया कालवं काढतात ती याच चिखलात. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात खारफुटीची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा घाला मानला. ड्रोनच्या शॉटसाठी वाट करायला चार फांद्या मोडल्या तरी मोडल्याच.

रविवार तुमच्या पिकनिकचा, गावाच्या प्रार्थनेचा

सगळ्यात जास्त ठिणग्या पडतात त्या रविवारी, आणि कारण कॅलेंडरमध्येच आहे. रविवार उपनगराच्या सुट्टीचा दिवस. गावासाठी तो मिस्साचा दिवस. सकाळी घरातली सगळी माणसं नीट कपडे घालून चर्चला निघालेली असतात, त्याच अरुंद रस्त्यानं स्पीकर लावलेल्या बाइक्स किनाऱ्याकडे जातात.

गोराईचं चर्च होली मॅजाय, म्हणजे बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या नावाचं. त्यांचा सण जानेवारीच्या सुरुवातीला असतो. चर्च बघायला जायला हरकत नाही. पण प्रार्थना चालू असेल तर एकतर मागच्या बाकावर शांत बसा किंवा ती संपेपर्यंत बाहेर थांबा. समुद्रावरून थेट ओल्या शॉर्टमध्ये आत जाऊ नका. देवळात गेलो असतो तर काय केलं असतं, एवढाच विचार केला की बाकीचे नियम आपोआप कळतात.

रस्त्याकडेचे क्रूस हा वेगळा विषय आहे. मुंबईतल्या गावठाणांमधले अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर उभे राहिले, रोग वेशीवर थांबावा म्हणून. काही कुणाच्या स्मरणार्थ, काही नवसाचे. त्यांच्यापुढे आजही मेणबत्ती लागते, फुलांचा हार पडतो, मे महिन्यात प्रार्थना म्हटल्या जातात. त्यांच्या चौथऱ्यावर पाय सोडून बसणं, त्यावर बाटली ठेवणं म्हणजे वेशीवरच्या मारुतीच्या पारावर तसं करणं. २ नोव्हेंबरच्या आसपास दफनभूमीत मेणबत्त्यांचा उजेड असतो. दृश्य सुंदर असतं यात वाद नाही. पण ती माणसं आपल्या गेलेल्या माणसांना भेटायला आलेली असतात. तिथे कॅमेरा खिशात राहू द्या.

लग्नाचं तसंच. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचा 'उंबराचं पाणी' नावाचा विधी असतो. ब्रास बँड, लुगडी नेसलेल्या बायका, गाणी. वाटेत दिसला तर बाजूला उभं राहून बघा. एखादी म्हातारी हात धरून नाचायला ओढेलही. पण विचारल्याशिवाय नवरीच्या तोंडासमोर मोबाइल धरून लाइव्ह जायचं, याला कुठल्याच गावात चांगलं म्हणत नाहीत.

या सगळ्यात पॅगोडा त्या मानानं सोपा, कारण तिथे नियम लिहून लावलेले आहेत. ग्लोबल विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला, उंची सुमारे ३२५ फूट, घुमटाखाली मधे एकही खांब नाही आणि ८,००० जण बसून ध्यान करू शकतात. मुख्य सभागृहात दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांनाच बसता येतं, इतरांनी काचेआडून बघायचं. लोक तिथे आपोआप हळू बोलतात. त्याच पॅगोड्याच्या सावलीतल्या गावात मात्र त्यांचा आवाज पुन्हा चढतो.

बंगला भाड्यानं घेतलाय, गाव नाही

वीकेंडला भाड्यानं मिळणारे बंगले आता सगळीकडे आहेत. जाहिरातीत 'प्रायव्हेट' लिहिलेलं असतं, भिंतीपलीकडे मात्र कुणाचं तरी आजारी म्हातारं माणूस झोपलेलं असतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. उघड्यावर, म्हणजे किनाऱ्यावर दारू पिणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 'इथे सगळं चालतं' हा समज कुठून आला? पुन्हा त्याच मिनी गोव्यातून. गोव्याबद्दलही तो समज चुकीचाच आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

वाळूत गाडी घालू नका. ती रुततेच, आणि मग गावातली पोरं ट्रॅक्टर नाहीतर दोर घेऊन येईपर्यंत भरती चढते. शिवाय वाळूखाली काय आहे हे कुणाला दिसत नसतं. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर आली, तेव्हा अख्खी मुंबई चकित झाली होती.

पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. ओहोटीला पाणी लांब गेलेलं दिसतं, माणसं त्याच्यामागे चालत जातात आणि भरती पाठीमागच्या खोलगट भागातून भरून येते. जीवरक्षक किंवा स्थानिक माणूस 'मागे या' म्हणाला तर वाद घालत बसू नका. पोहता येणं आणि हा समुद्र कळणं यात फरक आहे.

गावकरी पर्यटकांकडे संशयानं का बघतात?

या प्रश्नाचं उत्तर किनाऱ्यावरच्या बाटल्यांपुरतं नाही. देशभर सेझची चर्चा होती तेव्हा गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात पर्यटनाचं विशेष आर्थिक क्षेत्र करायचा प्रस्ताव पुढे आला. हजारो हेक्टरचा. शेतं, गावठाणं, किनारा सगळं त्या नकाशात. गावं एकवटली, धारावी बेट बचाव समितीनं आंदोलन केलं, आणि ते सेझ झालं नाही. पुढे एमएमआरडीएनं याच पट्ट्यासाठी पर्यटन क्षेत्राचा आराखडा मांडला, त्यालाही हरकती आल्या. म्हणजे इथल्या माणसानं 'पर्यटन' हा शब्द पहिल्यांदा मोठ्यानं ऐकला तो आपली जमीन जाण्याच्या संदर्भात. पुलाची मागणी आणि पुलाची भीती या दोन्ही गोष्टी एकाच घरात सापडतात. दवाखान्यात, कॉलेजात लवकर पोचायला पूल हवा. पण पुलावरून काय काय येईल, याचा अंदाजही आहे.

कचऱ्याचंही असंच दुखणं. मिरा-भाईंदर शहराचा कचरा वर्षानुवर्षं उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. दुर्गंधी, आगी, शेतात उतरणारं घाण पाणी यावरून तिथले लोक सतत आवाज उठवत आले आहेत. दुसऱ्यांचा कचरा आपल्या दारात ही गोष्ट या बेटाला नवी नाही, त्यात पिकनिकवाल्यांच्या थर्माकोलच्या प्लेटांची भर. जे सोबत नेलं ते परत आणा. बोटीत पिशवी ठेवायला जागा असते.

पैसा मात्र तिथेच ठेवून या. अनेक जण पाणी, चिप्स, चिकन, बर्फ सगळं बोरिवलीतून भरून नेतात, म्हणजे गावाच्या वाट्याला फक्त गर्दी येते. उन्हाळ्यात ताडगोळे, वाडीतली भाजी, सुकी मासळी, एखाद्या घरगुती खाणावळीत ईस्ट इंडियन जेवण आणि सोबत फुगे, हे तिथेच घ्या. मावशीकडच्या सुक्या बोंबलाच्या जुडीवर दहा रुपयांसाठी घासाघीस करताना येतानाच्या कॉफीचं बिल आठवावं.

आणि शेवटची बोट. संध्याकाळी जेट्टीवर लांब रांग लागते. त्या रांगेत पर्यटकांइतकेच बोरिवलीहून कामावरून परतणारे, क्लासला गेलेली मुलं, टोपल्या रिकाम्या करून आलेल्या भाजीवाल्या असतात. त्यांच्यासाठी ही बोट म्हणजे लोकल आहे. त्यामुळे उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, बाइक आडवी लावू नका, आणि सूर्यास्ताचा व्हिडिओ काढायला बोटीच्या दारात उभे राहू नका. जाण्याआधी परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ तिकीट खिडकीवर विचारून घ्या. हवामान बिघडलं तर ती आधीही बंद होते, आणि मग भाईंदरचा वळसा आहेच.